निष्ठा कोणाशी आणि कशाशी?

'निष्ठा' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. निवडणुकीचे दिवस आले की तो भिंतीभिंतीवर दिसू लागतो. निष्ठावंत कार्यकर्ता, एकनिष्ठ सेवक, निष्ठेचा विजय! आणि चार महिने उलटले की तोच निष्ठावंत दुसऱ्याच झेंड्याखाली उभा राहून पुन्हा निष्ठेवरच व्याख्यान देताना आढळतो. ऐकणारेही टाळ्या वाजवतात. मग सहजच प्रश्न पडतो की, ज्या गुणाची आमच्या शास्त्रांनी आणि संतांनी एवढी थोरवी गायिली, तो गुण नेमका आहे तरी काय? आणि राजकारणाच्या, लोककार्याच्या धकाधकीत तो टिकणे शक्य आहे काय, की तो केवळ मठात आणि देवळातच नांदायचा?

वाचकहो, प्रथम शब्दच पाहू. निष्ठा म्हणजे 'नि' अधिक 'स्था'. स्था हा उभे राहण्याचा धातू. स्थिती, स्थैर्य, आस्था, प्रतिष्ठा ही सगळी याच धातूची लेकरे. निष्ठा आणि प्रतिष्ठा या तर सख्ख्या बहिणी. थोरली निष्ठा, धाकटी प्रतिष्ठा. आज पुष्कळांना धाकटीशी सोयरीक हवी आहे, थोरलीचे नाव मात्र घरात नको. असो. शब्दाचा अर्थ एवढाच की, नेटाने, आतून, पाय रोवून उभे राहणे ती निष्ठा.

आम्हा वारकऱ्यांना हा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. आमचा देवच उभा आहे. पुंडलिकाने आईबापांचे पाय चेपता चेपता मागे वीट भिरकावली, थांब म्हणाला, आणि परब्रह्म थांबले. पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. देव विटेवर उभा आहे, परंतु विटेसाठी उभा नाही. तो भक्ताच्या शब्दासाठी उभा आहे. वीट ही केवळ पाय टेकायची जागा. लोककार्यातले पद, खुर्ची, पक्ष ही सगळी अशीच वीट होय. तिच्यावर उभे राहावे, त्याला दोष नाही. पण कोणी विटेलाच देव मानून तिला मिठी मारून बसला, तर त्याला निष्ठावंत म्हणायचे काय? हाच आजच्या लेखाचा विचार आहे.

कोणी म्हणेल, "महाराज, यात विचार तो कसला? एका जागी राहिला तो निष्ठावंत, हलला तो बेइमान." इतके सोपे असते तर शास्त्रे कशाला झाली असती! मंडपाचा खांबही एका जागी उभा असतो. दुर्योधन शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावरून तसूभर हलला नाही. रावणाला मंदोदरीने समजावले, भावाने समजावले, तरी तो हलला नाही. नुसते न हलणे हा गुण धरला तर या दोघांची मंदिरे बांधावी लागतील. उलट पक्षाचे लोक म्हणतात की काळ बदलतो, नवे कळते, तेव्हा मत बदलणे हेच शहाणपण. यातही तथ्य आहे. काल चुकीचे वाटले ते आज बरोबर ठरले, तरी कालचेच धरून बसणारा माणूस निष्ठावंत नव्हे, हटवादी. पण याच शहाणपणाच्या पांघरुणाखाली किती जणांनी आपला लोभ झाकला आहे, हेही आपण डोळ्यांनी पाहतोच. तेव्हा दोन्हीकडे थोडे थोडे खरे आहे, आणि म्हणूनच विवेक हवा.

तो विवेक भगवंतांनी गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगून ठेवला आहे. तेथे धृतीचे, म्हणजे धरून ठेवण्याच्या शक्तीचे, तीन प्रकार केले आहेत. पण त्याआधी बुद्धीचे तीन प्रकार सांगितले आणि मग धृतीचे. हा क्रम उगाच नाही. आधी काय धरायचे ते कळले पाहिजे, मग धरण्याला किंमत. डोळे मिटून घट्ट धरलेली वस्तू दोर आहे की साप, हे आधी पाहायला नको काय?

पहिली सात्त्विक धृती. तिच्या बळाने माणूस आपले मन, प्राण आणि इंद्रिये ताब्यात ठेवतो आणि ढळत नाही. म्हणजे ही धृती आधी स्वतःला धरते, जगाला नंतर. दुसरी राजस. ती धर्मही धरते, अर्थही धरते, कामही धरते, पण हे सगळे फळावर डोळा ठेवून. तिसरी तामस. मंदबुद्धीचा माणूस झोप, भय, शोक, खिन्नता आणि मद सोडतच नाही, तेही एक धरणेच! भगवंतांनी त्यालाही धृती हेच नाव दिले, ही केवढी मार्मिक गोष्ट आहे. भीतीला चिकटून राहायलाही जोर लागतो, बरं का! एखादा पुढारी आपल्या नेत्याच्या अन्यायापुढे वर्षानुवर्षे गप्प बसतो आणि आम्ही म्हणतो, "काय एकनिष्ठ माणूस!" भगवंतांच्या तराजूत घातला तर ती निष्ठा नसून भयाला मारलेली मिठी आहे. दुसरा एखादा तीस वर्षे एका पक्षात राहतो, पण दर निवडणुकीला उमेदवारीचा हिशेब मांडून. त्याची धृती राजस. फळ दिसत होते तोवर धरले, फळ दिसेनासे झाले की हात सुटला. त्या दिवशी तो बदलला असे लोक म्हणतात. खरे पाहता तो बदललाच नाही. तो पहिल्यापासून फळाशीच एकनिष्ठ होता.

भारतातला सर्वांत अवघड दाखला भीष्माचार्यांचा. त्यांच्याएवढा प्रतिज्ञेचा पक्का दुसरा कोण? पण द्रौपदीला सभेत ओढून आणले आणि तिने प्रश्न विचारला, तेव्हा हा महापुरुष धर्म सूक्ष्म आहे, निर्णय होत नाही, असे म्हणून थांबला. बोलला कोण? तर कौरवांमधलाच एक धाकटा भाऊ, विकर्ण. पुढे युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिर आशीर्वाद मागायला आला, तेव्हा भीष्मांनी स्वतःच सांगितले की कौरवांच्या अर्थाने आपल्याला बांधले आहे. पाहा, किती प्रामाणिक आणि किती दुःखाचे बोल! सिंहासनाशी केलेली प्रतिज्ञा त्यांनी पाळली, परंतु त्या सिंहासनावर कोण बसला आहे आणि तो काय करतो आहे, हे पाहण्याची मोकळीक त्या प्रतिज्ञेने त्यांना ठेवली नाही. प्रतिज्ञा पाळली गेली आणि कुळ बुडाले.

आता उलटा दाखला घ्या. विभीषण. लोकांच्या तोंडी तो घरभेदी म्हणूनच आहे. आमच्या मते हा अन्याय आहे, पण त्याच्यावरचा आक्षेप टाळून चालणार नाही. त्याने भाऊ सोडला, आणि शिवाय शेवटी लंकेचे राज्यही त्यालाच मिळाले. मग फितूर आणि विभीषण यांत फरक काय? फरक असा. विभीषणाने जे सांगायचे ते आधी रावणाच्या भरसभेत, रावणाच्या तोंडावर सांगितले. तेथे अपमान झाला तेव्हा तो चार सोबत्यांसह उघडपणे निघाला. रामाच्या तळापाशी येऊन त्याने आपण कोण, कोणाचे भाऊ आणि का आलो, हे आकाशातूनच मोठ्याने सांगितले. रामाचे राज्य गेलेले, बायको पळवलेली, सैन्य वानरांचे, मध्ये समुद्र. अशा पक्षाकडे माणूस लाभाच्या आशेने जात नाही. सुग्रीवाने तर त्याला हेर समजून मारण्याचा सल्ला दिला होता. म्हणजे जाण्यात जीवाचाही भरवसा नव्हता. युयुत्सूचेही तसेच. तो रात्री शिबिर बदलून गेला नाही. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना, सर्वांच्या देखत तो पांडवांकडे गेला.

या दाखल्यांवरून आम्हास तीन प्रश्न सुचतात. लोककार्यातला माणूस बदलला किंवा अडून राहिला, तर त्याला हे तीन प्रश्न लावून पाहावे. पहिला, जे केले ते उघड केले की चोरून? दुसरा, त्यात पदरचे काय गेले आणि पदरात काय पडले? तिसरा, ज्यांनी विश्वासाने पाठवले, त्यांना त्यांचे देणे परत केले की नाही? या तिन्ही प्रश्नांना जो उतरला तो जागेवरून हलला तरी निष्ठावंत, आणि जो उतरला नाही तो जागेवर असूनही डळमळीत.

आमची वाडी नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. रात्रंदिवस मालमोटारींची ये-जा, ट्रान्सपोर्टची गोदामे, शेजारी अंबाझरीचा दारूगोळ्याचा कारखाना. देशाच्या चारी दिशांचे लोक येथे पोटासाठी येतात. अशा गावात कीर्तनानंतर प्रश्न विचारणारेही रोखठोक असतात. एकदा हाच विषय निघाला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "महाराज, हे सारं पुराणातलं झालं जी. आमच्या इकडं तं पाच वर्षांत तीन झेंडे बदललेला माणूस निवडून येते, अन् एका जागी उभा रायलेला माणूस पडते. मंग निष्ठेचा दाखला आमच्याच मुलखातला दाखवा ना!" मागणी रास्त होती. तेव्हा विदर्भातलाच दाखला देतो, आणि मुद्दाम असा देतो की ज्यावर आक्षेप घेता येतील.

लोकनायक बापूजी अणे, म्हणजे माधव श्रीहरी अणे. जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा, २९ ऑगस्ट १८८०. शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, वकिली यवतमाळला, आणि राजकारणात गुरू लोकमान्य टिळक. संस्कृताचा व्यासंग एवढा, की म्हातारपणी टिळकांचे चरित्र त्यांनी संस्कृत काव्यात लिहिले. त्या 'श्रीतिलकयशोर्णव' ग्रंथाला त्यांच्या पश्चात १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९३० साली वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाला. सरकारच्या राखीव रानातले गवत कापायचे आणि कायदा मोडायचा, असा तो सत्याग्रह. पुसदला त्याचे पुढारीपण अण्यांनी केले आणि तुरुंगवास पत्करला. १९३३ साली ते काँग्रेसचे कार्यकारी अध्यक्ष होते.

आणि पुढच्याच वर्षी, १९३४ साली, ते काँग्रेसपासून वेगळे झाले. इंग्रज पंतप्रधानाने १९३२ साली जातवार मतदारसंघांचा निवाडा दिला होता. काँग्रेसने तो ना स्वीकारला ना नाकारला. अण्यांना आणि पंडित मदनमोहन मालवीयांना ही मधली वाट पटली नाही. त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. पुढे १९४१ साली अणे चक्क व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. तेव्हा वैयक्तिक सत्याग्रहात लोक तुरुंगात जात होते आणि हे सरकारच्या मंडळात बसले! टीका व्हायची ती झालीच. मग १० फेब्रुवारी १९४३ रोजी महात्मा गांधींनी आगाखान महालात स्थानबद्ध असताना एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. तेव्हा होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि बापूजी अणे या तिघांनी मंडळाचे राजीनामे दिले.

आता तीन प्रश्न लावा. १९३४ चा बदल उघड होता. मतभेद काय तो देशाला ठाऊक होता. पदरचे गेले असे की, कालपर्यंत ज्या संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले ती सोडून लहान गटात यावे लागले. आणि त्याच वर्षी केंद्रीय विधिमंडळाची निवडणूक आली, तेव्हा नवा पक्ष मतदारांपुढे उघड उभा राहिला. मतदारांना न विचारता त्यांची मते दुसऱ्याच्या झोळीत टाकली असे झाले नाही. १९४१ चा निर्णय चूक की बरोबर, यावर विद्वानांत आजही दोन मते होतील. पण १९४३ साली काय घडले पाहा. ज्या गांधींशी त्यांचे उघड मतभेद होते, त्यांच्या प्राणासाठी त्यांनी देशातले एक सर्वांत मोठे पद सोडले. येथे कळते की माणसाने खुर्ची धरली होती की खुर्चीने माणसाला धरले होते.

कोणी म्हणेल की त्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होऊन सिलोनला गेले, ते कसे? आक्षेप खरा आहे. तेथील हिंदी मजुरांच्या हिताचा तो प्रश्न होता हे सांगता येईल, पण सरकार तेच होते हेही नाकारता येत नाही. आम्ही येथे कोणाला देव बनवायला बसलो नाही. निष्ठावंताचे चरित्र रेघ ओढल्यासारखे सरळ असतेच असे नाही. नदीही वळणे घेते, पण ती समुद्राकडे जाते की डबक्यात शिरते, हे पाहायचे असते.

शेवटची गोष्ट विदर्भाची. वेगळा विदर्भ असावा की नसावा, हा या मासिकाचा विषय नाही, आणि वाचकांत दोन्ही मतांचे वारकरी आहेत. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती मान्य झाली नाही, आणि १ मे १९६० रोजी विदर्भासह महाराष्ट्र राज्य झाले. अणे १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होऊन निवृत्त झालेले. सन्मानाने घरी बसून ग्रंथ वाचावे असे वय. तरी वेगळ्या विदर्भाचे मत त्यांनी सोडले नाही. १९६२ साली, ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, ते नागपूरहून स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहिले आणि लोकसभेवर निवडून आले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांचे म्हणणे सिद्धीस गेलेले नव्हते. यश न आलेल्या मताला धरून राहणे आणि त्यापासून काही न मिळवणे, ही त्यांच्या निष्ठेची खूण. मत पटो न पटो, माणूस पटतो.

या माळेतला दुसरा मणी चिंतामणराव देशमुखांचा. तेही संस्कृताचे मोठे रसिक, कालिदासाच्या मेघदूताचे मराठी रूपांतर करणारे. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय झाला. आपल्या मताविरुद्ध आणि मंत्रिमंडळाशी नीट विचारविनिमय न करता हे झाले, असे म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि कारणे लोकसभेत उभे राहून सांगितली. ते कुलाबा जिल्ह्यातून निवडून आलेले होते आणि ज्यांनी पाठवले त्यांचे देणे त्यांनी असे फेडले. मंत्रिपद सोडायला हात थरथरतो म्हणतात. ज्याला देणे कोणाचे हे ठाऊक असते, त्याचा थरथरत नाही.

आणि तिसरा मणी आपल्या पंढरीचाच. येथे थोडे थांबावे लागेल, कारण हा विषय आपल्या घरातला आहे. चोखोबांनी इ. स. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर देह ठेवला असे मानतात. त्यांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे. म्हणजे दाराच्या बाहेर. सुमारे सहाशे वर्षे त्यांच्या जातीचे लोक त्या दारापर्यंत येत आणि कळसाला हात जोडून परत जात. १९४७ साली साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून मंदिर सर्वांना खुले करण्यासाठी लोकमत जागे केले, आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास आरंभ केला. मध्येच महात्माजींची उपोषण थांबवण्याविषयी तार आली. गुरुजींच्या मनात गांधीजींविषयी केवढी भक्ती! तरी त्यांनी नम्रतेने उपोषण चालूच ठेवले. दहा दिवसांनी मार्ग निघाला आणि विठ्ठलाचे दार उघडले.

वाचकहो, हा प्रसंग निष्ठेच्या विचाराचे मर्म आहे. कारण त्या दिवसांत दोन्ही बाजूंना पक्के लोक होते. दार बंद ठेवू पाहणारेही आपण परंपरेशी एकनिष्ठ आहोत असेच म्हणत होते, आणि त्यांतले काही मनापासून म्हणत होते. त्यांनी ग्रंथ दाखवले, रूढी दाखवली. मग फरक कशाने ठरला? आम्ही म्हणतो, आधी बुद्धी आणि मग धृती, या भगवंतांनी सांगितलेल्या क्रमाने ठरला. परंपरा ही देवाकडे नेणारी वाट. जी वाट काही माणसांना देवापर्यंत पोचू देत नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहणे म्हणजे विटेशी एकनिष्ठ राहणे. चोखोबा दाराबाहेर राहूनही देवाशी एकनिष्ठ राहिले. आता सांगा, सहाशे वर्षांत खरी निष्ठा दाराच्या कोणत्या बाजूला होती? आणि गुरुजींचे पाहा. त्यांनी ज्यांना गुरू मानले त्यांचाही शब्द त्यांना थांबवू शकला नाही, पण गुरूविषयी एक कडू अक्षरही त्यांच्या तोंडून निघाले नाही. कार्याशी निष्ठा आणि व्यक्तीविषयी आदर, दोन्ही एका हृदयात नांदू शकतात. आज मतभेद झाला की आधी शिव्या सुरू होतात. शिव्या येऊ लागल्या की समजावे, निष्ठा बाहेर पडली आणि अहंकार आत शिरला.

आता कायद्याकडे पाहू. १९६७ साली हरियाणातल्या एका आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि तेव्हापासून 'आयाराम गयाराम' हा शब्द आपल्याही भाषेत रुळला. १९८५ साली घटनेत बावन्नावी दुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीचा कायदा आला. त्यात एकतृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य अशी वाट होती. २००३ साली ती बंद झाली, आता दोनतृतीयांशांचे विलीनीकरण तेवढे चालते. एवढे करूनही २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्रात दोन मोठे पक्ष फुटलेच, आणि कोण मूळचे, कोण फुटलेले, हा वाद विधानसभाध्यक्ष, निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात कोण खरे, हे आम्ही सांगणार नाही. वाचकांनी आपले तीन प्रश्न सर्वांनाच सारखे लावावे, आपल्या आवडीच्या माणसाला अधिक कडकपणे लावावे.

पण कायद्याची मर्यादा ओळखली पाहिजे. कायदा पायाला दोरी बांधतो, मनाला बांधू शकत नाही. शिवाय ही दोरी लोभी माणसाला जशी बांधते तशी विवेकी माणसालाही बांधते. पक्षाचा आदेश चूक आहे असे मनापासून वाटणाऱ्या आमदाराने सभागृहात आदेशाविरुद्ध मत दिले, तर त्याची जागा जाऊ शकते. म्हणजे विकर्ण उभा राहिला तर तोही अपात्र! इंग्लंडात एडमंड बर्क नावाचा विद्वान १७७४ साली ब्रिस्टल शहरातून निवडून आला. त्याने मतदारांना आरंभीच बजावले की, माझे श्रम तुमचे, पण माझी सदसद्विवेकबुद्धी मी तुमच्या मर्जीसाठी गहाण ठेवणार नाही. १७८० साली लोकांची मर्जी राहिली नाही असे दिसताच त्याने ब्रिस्टलमधून माघार घेतली. बुद्धी विकली नाही, आणि जागेलाही चिकटला नाही. हीच वाट सर्वांना मोकळी आहे. मत बदलले? बदला. पण ज्या मतांवर जागा मिळाली ती जागा आधी परत करा, आणि पुन्हा लोकांपुढे जा. हे कोणत्याही कायद्याने अडवलेले नाही. अडवतो तो केवळ लोभ.

परंतु सगळा दोष पुढाऱ्यांच्या पदरी घालून आम्ही मोकळे झालो, तर ते कीर्तन नव्हे, निंदा होईल. वाडीच्या त्या गृहस्थांचे अर्धे म्हणणे अजून उरले आहे. एका जागी उभा राहिलेला माणूस पडतो, असे ते म्हणाले. तो पडतो कसा? त्याला पाडतो कोण? आपणच ना! आमचे गाव पूर्वी ग्रामपंचायतीचे होते, आता नगर परिषदेचे झाले. पण मताच्या आदल्या रात्रीचे जेवण, जातीचा हिशेब, कामाचा माणूस आहे एवढ्यावर बाकी सगळे माफ करणे, हे गावागावांत तसेच आहे. नळाला पाणी हवे, रस्ता हवा, यात गैर काही नाही. पण आम्ही पुढाऱ्याला फक्त 'काय दिलेस' एवढेच विचारतो, 'काय सोडलेस' हे कधी विचारत नाही. मग तोही देण्याघेण्याचाच धंदा मांडतो. आम्ही राजस धृतीचे मतदार, तर आमचा प्रतिनिधी सात्त्विक धृतीचा कोठून येणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येईल? हरलेल्या सच्च्या माणसाच्या घरी जाऊन, "भाऊ, तुम्ही बरोबर होता," असे सांगणारे गावात चार लोक निघाले तरी पुढच्या पिढीला धीर येईल.

आणि आम्हा माळकऱ्यांवर तर अधिक जबाबदारी आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली म्हणजे एक शब्द दिला. पेरणी झाली न झाली, पाऊस पडला न पडला, आषाढीला माणूस पंढरीची वाट धरतो. बाप थकला की मुलगा जातो. कोणी उमेदवारी देत नाही, कोणी हार घालत नाही. जो हे जन्मभर करू शकतो, त्याला निष्ठा समजावून सांगावी लागू नये. पण दिंडीत पाळलेली निष्ठा दिंडी घरी आली की खुंटीला टांगून ठेवायची आणि पंचायतीत मात्र ज्याचे खावे त्याचे गावे, हे माळेला शोभत नाही.

आपल्या सप्ताहात विण्याचा पहारा असतो. सात दिवस, अहोरात्र वीणा उभी असते. विणेकऱ्याला थकवा येतो, झोप येते, त्याची वेळ संपते. म्हणून तो वीणा टाकून निघून जात नाही, आणि आपली वेळ संपली तरी सोडणार नाही म्हणून अडूनही बसत नाही. दुसरा विणेकरी येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि सगळ्या मंडळींच्या देखत, भजन न तुटू देता, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. माणूस बदलतो, नाम चालू राहते. लोककार्यातली जागा ही अशीच लोकांची वीणा आहे. ज्याला ती धरता येते, ज्याला ती वेळ येताच उघडपणे उतरवता येते, आणि जो ती मध्येच जमिनीवर टाकत नाही, त्याला निष्ठावंत म्हणावे. असा एक जरी माणूस आपल्या गावातून उभा राहिला, तर त्याच्या पाठीशी उभे राहणे हीही आपली वारीच होय.

रामकृष्णहरि.